नहरेच्या पल्याडचे रोडगे

सुशीलराव हेडाऊंना चालण्याचं वावडं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मानेवाड्यातल्या आपल्या घरापासून चौकातल्या कंपनीच्या बसपर्यंत ते रोज चालत जात, आणि बुटीबोरीला उतरल्यावर गेटपासून स्टोअरमधल्या आपल्या खुर्चीपर्यंतही चालत. मधलं अंतर बस चाले, पण बसच्या आत सुशीलरावच असत, त्यामुळे एकूण हालचाल भरपूर होई. तलावाला चक्कर मारणं मात्र वेगळं, आणि दर रविवारी मारणं तर फारच वेगळं. तरी ते बोलून गेले. बोलले तेही कोणापुढे, तर होणाऱ्या व्याह्यापुढे.

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा पुण्याला नोकरीला. तिनं तिथंच केयूर तारळेकर नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा सालस, कमावता, आणि सुशीलरावांना भावलेली गोष्ट म्हणजे फोनवर कमी बोलणारा. त्याची कसर वडील भरून काढत. प्रेमानंदराव तारळेकर ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. लोकांनी लिहिलेलं खोटं ठरवायचं, याचाच ज्यानं जन्मभर पगार घेतला, असा माणूस. केयूरसाठी आधी आलेलं एक स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण मुलीच्या बापानं आपल्या फ्लॅटचं क्षेत्रफळ भिंतींसकटचं, बिल्ट-अप सांगितलं आणि ते आतलं, कार्पेट म्हणून खपवलं. "प्रश्न शंभर चौरस फुटांचा नव्हता," ते पहिल्याच व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "प्रश्न खोटेपणाचा होता."

सुशीलरावांनी मान हलवली. मग प्रेमानंदराव म्हणाले की ते सहकुटुंब दर रविवारी पहाटे टेकडी चढतात, भर पावसातही खाडा नाही. एवढं बोलून ते थांबले, आणि त्या थांबण्यातून 'तुमचं काय?' हा प्रश्न पुण्याहून सरळ नागपूरला येऊन पोचला.

आता रविवारी पहाटे सुशीलराव काय करतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक. कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी लागल्याची वर्दी येईपर्यंत त्यांचं नाक चादरीबाहेर येत नाही. पण त्याच दिवशी पेपरच्या पुरवणीत त्यांनी बेलझरी तलावाबद्दल वाचलं होतं. शहराबाहेरच्या वाडीच्या पुढे, ट्रकांची गोडाऊनं संपली की आत वळायचं, तलावाच्या काठाकाठानं 'सोपी, सपाट, सहकुटुंब चालण्याजोगी वाट'. ते सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. आम्हीही दर रविवारी बेलझरीला पूर्ण चक्कर मारतो, लहान लेकरंही चालतात अशी वाट आहे, वगैरे. शेजारी बसलेल्या गोपिकाबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की जणू हा माणूस कोण आणि आपल्या सोफ्यावर काय करतो आहे.

"उत्तम," प्रेमानंदराव म्हणाले. "मग आम्ही मुलगी बघायला येऊ ते रविवारीच. तुमच्या चकरेत आम्हीही."

फोन ठेवताच मुग्धाचा फोन. बाबा, तुम्ही बेलझरी कधी पाहिली तरी आहे का, तिनं विचारलं. सुशीलरावांनी पुरवणीचा हवाला दिला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, मला केयूरशीच लग्न करायचं आहे. आता तुम्हीच सांभाळा." एरवी बापाशी हुज्जत घालणारी पोरगी असं नरम बोलली. आपण मारली ती थाप नव्हती, पोरीच्या लग्नाच्या मांडवाला लावलेली काडी होती, हे सुशीलरावांना तेव्हा कळलं.

उपाय एकच, ठरल्याप्रमाणे चालायचं. पहिली पायरी बुटांची. नवे बूट चावतात म्हणून ते अंगणात येरझारा घालू लागले, आणि तिथंच घात झाला. कुंपणापलीकडे बाबनराव राहतात. बाबनराव एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांची दुरुस्ती हाती घेतली आहे. कोणाच्या मोटरपंपाचा आवाज बदलला, कोणाच्या सुनेचा चेहरा बदलला, त्यांना आधी कळतं. माणूस घरच्या अंगणात बूट घालून फिरून राहिला म्हणजे काहीतरी बिघाड आहे, हे त्यांनी ओळखलं आणि चहा होईपर्यंत सगळं काढूनही घेतलं. सुशीलरावांनी त्यांना गळ्याची शपथ घातली. बाबनराव म्हणाले, माझ्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेली बादली.

"पण मले एक सांगा, सुशीलभाऊ," ते बशी खाली ठेवत म्हणाले. "पुण्याचे पाहुणे तलावावर नेऊन राहिले, अन् खाऊ काय घालाल? बिस्कीट? रोडग्याबिगर तलाव असते काय गा?"

इथं विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पाणी, झाडाची सावली आणि चार माणसं एका जागी आली की रोडगे करावेच लागतात. जाड्या कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर राख लोटायची. सोबत वांग्याची भाजी, वरण, आणि शेवटी रोडगा कुस्करून त्यात गूळ-तूप. यात चालण्याला कुठेही जागा नाही. रोडगे खाल्लेला माणूस चालत नाही, तो आडवा होतो. सुशीलरावांनी हे समजावून पाहिलं. पण तोवर मैनाबाईंनी, म्हणजे बाबनरावांच्या घरच्यांनी, कुंपणावरून गोपिकाबाईंना वांगी किती लागतील ते विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली आठ घरं येणार असं ठरलं. कोणी कढई दिली, कोणी गोवऱ्यांचं पोतं, एकानं आपला छोटा हत्ती टेम्पो दिला. पाहुणे सहा माणसांची फॅमिली-वॉक समजून येत होते आणि इकडे पंगतीच्या पत्रावळी मोजल्या जात होत्या.

बरं, चूल पेटवायची तर परवानगी नको का? हे सुशीलरावांच्याच डोक्यात आलं. स्टोअरमध्ये जन्म गेल्यामुळे गेटपासशिवाय त्यांना सुई हलवलेली चालत नाही. ते हाफ-डे टाकून एका कार्यालयात गेले. तिथं कळलं की पाणी त्यांचं आहे, पण काठ त्यांचा नाही. काठ ज्यांचा आहे त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले काठ आमचा, पण काठावरची वाट ग्रामपंचायतीची, आणि धूर जर पाण्यावर गेला तर पुन्हा पहिल्या कार्यालयात विचारा. पहिल्या कार्यालयातल्या बाबूनं या वेळी खुर्ची दिली. चालायला परवानगी लागत नाही, तो म्हणाला, आणि चुलीला मिळत नाही, म्हणून नहरेच्या अलीकडे आमराई आहे, खाजगी आहे, तिथं पेटवा, आमच्या डोक्याला ताप नको. निघताना त्यानं मागून हाक मारून सांगितलं, "साहेब, रविवारी सकाळी नहरेला पाणी सुटणार आहे बरं. गव्हाच्या पाण्याची पाळी आहे."

मोठ्या धरणाची ती नहर, म्हणजे कालवा, तलावाला अगदी खेटून जाते. आमराई अलीकडे, तलाव पलीकडे, मधे नहर. एरवी कोरडी. लोक तिच्यात उतरून पलीकडे चढतात, बकऱ्यासुद्धा उतरतात. सुशीलरावांनी बाबूचे आभार मानले आणि जिना उतरताना मनातल्या मनात हसले. नळाला पाणी सकाळी येणार म्हणून रात्री येतं, रस्ता दिवाळीत होणार म्हणून होळीत होतो. सरकारी पाणी सांगितल्या वेळी आलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि याच एका अनुभवावर नागपुरात माणूस घर चालवतो.

रविवारी थंडी झकास होती. छोटा हत्ती मंडळी आणि भांडी घेऊन पुढे गेला. मागून भाड्याच्या गाडीतून पाहुणे, केयूरसह तिघं. मुग्धा आदल्या रात्रीच घरी आलेली. प्रेमानंदरावांच्या दोन हातांत दोन काठ्या, गळ्यात दोरी असलेली टोपी, मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ. त्यांच्या पत्नी वसुधाताई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हसऱ्या, आणि गाडीतून उतरल्यापासून वांग्याच्या कढईकडे पाहणाऱ्या. आमराईतली ती जत्रा पाहून प्रेमानंदराव थबकले. सुशीलरावांनी सांगितलं की आमच्या मागोमाग गल्लीही येते, सवयच पडली आहे तिला. मुग्धानं डोळे मिटून घेतले.

गोपिकाबाईंनी पाहुणचाराचं कारण सांगून चुलीजवळच बसकण मारली. नवऱ्याच्या पापात किती पावलं भागीदार व्हायचं हे त्यांनी आधीच ठरवलं असावं. बाकी पाच जण, म्हणजे दोन्ही बाप, वसुधाताई, मुग्धा आणि केयूर, कोरड्या नहरेत उतरून पलीकडे चढले आणि बेलझरीची सोपी, सपाट वाट सुरू झाली.

वाट सपाट होती यात शंका नाही, पण पुरवणीवाल्यानं ती बहुतेक गाडीतून पाहिली असावी. थोडं पुढे गेल्यावर तिला दोन फाटे फुटले. दर रविवारी येणारा माणूस फाट्यावर थांबून विचार करत नाही, म्हणून सुशीलराव न थांबता डावीकडे वळले. डावी वाट बोरीच्या काट्यांत गेली आणि तिथंच संपली. "इथली बोरं दाखवायची होती," ते म्हणाले. सगळ्यांनी दोन-दोन बोरं खाल्ली. वसुधाताईंच्या ओढणीला लागलेले काटे मुग्धा आणि केयूर दोघं मिळून काढू लागले आणि त्यांना त्या कामाची काही घाई दिसली नाही.

पुरवणीत बसायला बाकं आहेत असं होतं. बाक एकच निघाला, त्यावर बकरी बसली होती आणि ती उठेना. पाण्यावर एक काळा पक्षी पंख पसरून बसला होता, प्रेमानंदरावांनी नाव विचारलं. सुशीलरावांनी आत्मविश्वासानं पाणकोंबडी सांगितलं. केयूर हळूच पाणकावळा म्हणाला, आणि लगेच, इकडे पाणकोंबडीच म्हणत असतील, असंही म्हणाला. जावई म्हणून हा मुलगा सोन्यासारखा आहे हे सुशीलरावांनी त्या क्षणी ओळखलं. मग जाळं झाडणारा एक कोळी भेटला, त्यानं राम राम करून आपुलकीनं विचारलं की पाहुणे नवीन दिसता, पयल्यांदाच आले काय. सुशीलरावांनी मिशी काढल्यामुळे ओळख पटत नसेल असं सांगितलं. मिशी त्यांना कधीच नव्हती. प्रेमानंदरावांनी त्यांच्या वरच्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं.

नव्या बुटांनी तोवर टाचेचा घास घेतला होता. पण सुशीलरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रेमानंदराव दर वळणावर निसर्ग पाहायला थांबत होते. जिथं निसर्ग नव्हता, नुसती मोडकी भिंत होती, तिथंही थांबून ते ती पाहत. काठ्यांवर भार टाकून, तोंड उघडं ठेवून पाहत. टेकडी चढणाऱ्याला सपाटीची सवय नसेल, असं समजून सुशीलराव प्रत्येक वेळी मनोमन त्यांना दुवा देत बूट सैल करून घेऊ लागले.

अखेर चक्कर संपत आली. समोर आमराईतला धूर दिसला, वांग्याचा वास आला, सगळ्यांचे पाय आपोआप उचलले गेले. आणि नहरेच्या काठावर येऊन पाचही जण उभे राहिले.

नहर भरून वाहत होती. पाणी कमरेच्या वर, गढूळ, आणि चांगलं पळतं. सरकारी पाणी सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी आलं होतं.

पल्याड गोपिकाबाई हातात झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे सगळी गल्ली. अल्याड पाहुणे. मधून पाणी चाललं होतं.

"काळजी नको," सुशीलराव म्हणाले. या प्रसंगी त्यांनी आवाज भारदस्त ठेवला. "डाव्या हाताला लगेच पूल आहे. नेहमीचा आहे आपला."

पल्याडून बाबनराव ओरडले की डावीकडे काही नाही, पूल उजवीकडे गावाशी आहे, बराच दूर. सुशीलरावांनी हात उडवून सांगितलं की दर रविवारी येणाऱ्याला तुम्ही रस्ता सांगू नका. हे चुकलं. बाबनरावांची मावशी याच गावात दिली होती, त्यांचं बालपण याच नहरेत गेलं होतं, आणि भर पंगतीसमोर, स्वतः भाजलेल्या रोडग्यांच्या साक्षीनं त्यांचा शब्द खाली पडला होता. विहिरीतली बादली सरसर वर आली.

"काहून गा सुशीलभाऊ," ते दोन्ही हातांचा भोंगा करून म्हणाले, "आजच तं पयल्यांदा आले ना तुमी इकडे! तुमाले काय मालूम पूल कोठी हाये?"

मैनाबाईंनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना मागे ओढलं, पण आता काय उपयोग. मुग्धाचा चेहरा पांढरा पडला. प्रेमानंदरावांनी दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि चष्मा पुसला. ऑफिसात मोठा आक्षेप काढण्याआधी ते असाच पुसत असतील.

"म्हणजे दर रविवारी नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

सुशीलरावांनी एकदा पोरीकडे पाहिलं. आणखी एक मिशी काढणं शक्य होतं, पण त्यांचं मन धजेना. "आजचा पहिला रविवार," ते म्हणाले. "तुम्ही टेकडी म्हणालात, मला लाज वाटली, मी तलाव म्हणालो. चुकलं माझं. पण प्रेमानंदराव, खोटा तलाव होता. पोरगी खरी आहे. तिच्याबद्दल जे सांगितलं त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्यापायी तिचं मोडू नका." एवढं बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि त्याची त्यांना आणखी लाज वाटली.

प्रेमानंदरावांनी घसा खाकरला. तेवढ्यात वसुधाताई मातीत मस्तपैकी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, टेकडीचं तुम्ही सांगता की मी सांगू?"

प्रेमानंदराव पाण्याकडे पाहू लागले.

"टेकडीवर पहिल्या वळणाला एक चहावाला बसतो," वसुधाताईंनी सांगितलं. "आम्ही त्याच्यापर्यंत चढतो. तिथं चहा आणि क्रीमरोल खातो आणि उतरतो. त्याच्या वर काय आहे, देव असला तर देवाला ठाऊक."

कोणी हसावं की नाही हे कोणाला कळेना. मग सकाळपासून पाणकावळ्याखेरीज कशावर न बोललेला केयूर अदबीनं म्हणाला, "म्हणजे बाबा, टेकडी तुम्ही बिल्ट-अप सांगितली होती. कार्पेट चहावाल्यापर्यंतच."

प्रेमानंदरावांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून सुशीलराव पुढे झाले, तर तो माणूस हसत होता. इतका हसला की एक काठी निसटून नहरेत गेली आणि तिकडच्या गव्हाकडे वाहत निघाली. सुशीलरावही हसले. हसता हसता त्यांनी खाली बसून बूट काढून टाकले.

आता प्रश्न भुकेचा. पूल दूर, पोटात कावळे. तोडगा पल्याडून आला. मुठीएवढा, टणक, गोल असा रोडगा निसर्गानं फेकण्यासाठीच घडवला असावा. बाबनरावांना प्रायश्चित्त घ्यायचं होतंच. त्यांनी पहिला फेकला तो झाडात गेला. दुसरा प्रेमानंदरावांनी टोपीत झेलला. मग गल्लीनं रांग धरली. काही रोडगे पाण्यात पडले आणि काठीच्या मागोमाग गेले, पण पाच माणसांपुरते आले. वांग्याची भाजी फेकावी असंही एकानं सुचवलं, त्याला गप्प बसवण्यात आलं.

वसुधाताईंनी गरम रोडगा फोडला, वाफ तोंडावर घेतली, एक घास खाल्ला आणि उभ्या राहिल्या. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी पल्याड हाक दिली.

"गोपिकाताई, मुलगी आम्हाला पसंत आहे. तोंड गोड करा!"

गोपिकाबाईंनी झारा टाकला. डोळ्याला पदर लावला की धुरानं पाणी आलं, हे इकडून दिसत नव्हतं. "थांबा वं माय," त्या म्हणाल्या, आणि गुळाची ढेप फोडली. व्याह्यांचं तोंड गोड करणं म्हणजे पेढ्याचा डबा, ताट, हळदीकुंकू, हे सगळं त्यांच्या मनात वर्षानुवर्षं ठरलेलं. पण त्यांनी पदर खोचला, हात मागे नेला आणि गुळाचा खडा असा भिरकावला, की तो नहर ओलांडून सरळ प्रेमानंदरावांच्या छातीवर बसला. साक्षगंध झालं, पुण्याकडच्या भाषेत साखरपुडा. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, बाबनरावांनी जास्त.

पुढे पुलापर्यंतची पायपीट सगळ्यांनी केली. सुशीलराव अनवाणी, प्रेमानंदराव एका काठीवर. दोघांनी एकमेकांचा हात धरला होता, आधार कोणाचा कोणाला हे सांगणं कठीण. आमराईत पोचेपर्यंत भाजी निवली होती, पण राखेतले रोडगे गरम होते. जेवताना बाबनरावांनी हे लग्न आपण जुळवलं असं तीनदा सांगितलं आणि कोणी खोडून काढलं नाही. जेवणं झाल्यावर दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना वचन दिलं, की येत्या रविवारपासून खरंखुरं चालायचं. एकानं पूर्ण टेकडी, एकानं पूर्ण तलाव. साक्षीला व्हिडिओ कॉल.

पुढचा रविवार उजाडला. अंधारातच सुशीलरावांचा फोन वाजला. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढून तो कानाशी धरला.

"निघालात का?" प्रेमानंदरावांनी विचारलं.

"निघालो, निघालो," सुशीलराव म्हणाले. "तलाव समोरच आहे."

गोपिकाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला, व्हिडिओ चालू केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. पुण्याच्या बाजूनंही कोणीतरी तेच केलं असावं. कारण पडद्यावर प्रेमानंदराव दिसले आणि त्यांच्या मागे टेकडी नव्हती, उशी होती.

दोघं व्याही थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मग, पुढचा रविवार नक्की, असं ठरवून दोघांनी चादर पुन्हा नाकावर ओढली.